‘विनंती थांबा’ची खंडेनवमी

वाहतूक या विषयात मला कोणी काही शिकवू नये. हे मी गर्वाने म्हणत नाही, आकडे समोर ठेवून म्हणतो. २००७ साली मी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात वाहतूक अधिकारी होतो. शेहेचाळीस बसगाड्या, तीन पाळ्या आणि दोन हजार तीनशे माणसं! तांबरमला उतरायचा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला, आवडी नावाच्या उपनगरात उतरला, असं माझ्या अमदानीत एकदाच घडलं, आणि तेही तो झोपला होता म्हणून. तेव्हा एका बँडचं सामान श्रीपेरुंबुदूरहून उचलून संध्याकाळी सहाच्या आत चेन्नईतल्या एका सभागृहात पोचवायचं, हे काम माझ्या दृष्टीने हत्तीने केळं उचलण्याइतकं सोपं होतं. मी तसं सगळ्यांना सांगितलंही होतं. काहींना दोनदा.

आता बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाल डगले आणि वरातीची घोडी आली असेल, तर घोडी परत पाठवा. हा रॉक बँड होता, आणि तोही साधा नव्हे. त्याला ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणतात. म्हणजे नेमकं काय, हे मी देवेशला सहा वर्षांत तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, जे रेडिओवर लागत नाही ते. दुसऱ्यांदा म्हणाला, जे आधी हळू असतं आणि मग एकदम मोठं होतं ते. तिसऱ्यांदा नुसता हसला. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, हे इथेच कबूल करून टाकतो. पण देवेशने गिटार गळ्यात अडकवून डोळे मिटले की माझ्या अंगावर काटा यायचा. दर वेळी यायचा. एकच गाणं एका दुपारी अकरा वेळा ऐकलं तर अकरा वेळा!

बँड जन्माला आला लोणेऱ्याला. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगाव सोडलं की लोणेरे लागतं. इंजिनियरिंगचं मोठं विद्यापीठ, हॉस्टेलं, खानावळी आणि चहाच्या टपऱ्या. मुलं सुट्टीला गेली की टपरीवाले एकमेकांचा चहा पितात, असं ते गाव. आमच्या फाटकासमोर एसटीची पाटी होती, ‘विनंती थांबा’. देवेशने २००१ साली तीच बँडला नाव म्हणून उचलली. बँडमध्ये तेव्हा चौघे होतो. देवेश गाणारा, मंदार बास गिटारवाला, ड्रम वाजवणारा एक सोलापूरचा मुलगा आणि मी उचलणारा. स्पीकर उचलायचे, वायरी गुंडाळायच्या, टेम्पोवाल्याशी भांडायचं. पुढे याच कामाला मॅनेजर म्हणतात असं समजलं आणि मी स्वतःला बढती दिली.

कारकीर्द म्हणाल तर डोळे दिपवणारी! गॅदरिंगला पहिल्याच गाण्यात वीज गेली आणि अंधारातही देवेश थांबला नाही. पुण्याच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. महाडच्या गणेशोत्सवात लोकांनी तासभर लावणीची फर्माईश केली आणि देवेश तासभर स्वतःचीच गाणी गात राहिला. शेवटी पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले की राहू द्या आता, हेही बरं आहे. मी विंगेत उभा राहून हे सगळं पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, काय छाती आहे या माणसाची!

पदव्या मिळाल्या. सोलापूरचा मुलगा ओहायोला गेला. आम्हा तिघांना मात्र नशिबाने एकाच शहरात आणून टाकलं. फक्त शहराच्या तीन टोकांना. देवेश अड्यारच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, मंदार आवडीच्या संरक्षण कारखान्यात आणि मी श्रीपेरुंबुदूरला. ड्रम वाजवायला कोणी नव्हतं. आणि एके दिवशी देवेश म्हणाला, आमच्याच प्रोजेक्टमध्ये, माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसते. ती मराठी बोलते, पण आपल्यासारखं नाही.

ती कीर्तना. तंजावरचं मराठी घराणं. तिचे पूर्वज राजांबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले होते. आम्ही दादर-चेन्नई एक्स्प्रेसने आलो होतो, त्यामुळे ज्येष्ठत्वाचा प्रश्नच नव्हता. ती आम्हाला ‘तुम्ही’ म्हणायची, ‘मी जातें’, ‘मी करितें’ असं बोलायची आणि मध्येच ‘सरि पा’, म्हणजे ‘बरं बाबा’, म्हणून तमिळमध्ये वळायची. तिचे आजोबा तुकोजी तंजावरात मृदंगम शिकवत. त्यांनी तिला चौथ्या वर्षी समोर बसवलं होतं. ड्रमच्या सेटला ती आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे शिवली. त्याच्याभोवती एक फेरी मारली, प्रत्येक ढोल बोटाने टकटकून पाहिला, बसली, आणि तासाभराने मंदार बास खाली ठेवून माझ्याशेजारी येऊन ऐकत उभा राहिला.

सरावाची जागा मी शोधली. अड्यारच्या घरमालकांनी आम्हाला दोन रविवारांत ओळखलं होतं. कारखान्याच्या बस यार्डात मात्र एक रिकामी शेड होती आणि आसपास फक्त बसगाड्या. गाड्यांची तक्रार नव्हती. यार्डातला सगळ्यात जुना चालक एळुमलै अण्णा शेडची किल्ली सांभाळायचा. आमचा सराव तो हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकायचा. एकदा त्याने मला तमिळमध्ये अभिप्राय दिला, त्याचा अर्थ असा होता की आवाज फार आहे, पण चांगला आहे. यापेक्षा नेमकं परीक्षण मी आजतागायत वाचलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुंबईच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीने नव्या बँडांची स्पर्धा ठेवली. चेन्नईची फेरी शनिवारी, वीस ऑक्टोबरला. जिंकेल त्याचा अल्बम कंपनी काढणार. फेरीच्या पंधरा दिवस आधी सहा बँड निवडले गेले आणि त्यांत आम्ही! त्याच आठवड्यात देवेशच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. उत्तर स्पर्धेनंतरच्या सोमवारी द्यायचं होतं. देवेशने आम्हाला शांतपणे सांगितलं की अल्बम मिळाला तर तो राहील, नाहीतर जाईल. घरी बहिणीचं लग्न होतं, वडील निवृत्त होत होते, त्याला उगाच वाट बघणं परवडणार नव्हतं. मंदारने मान खाली घातली. मी म्हटलं, अल्बम मिळाला असं समज, वाहतूक माझ्याकडे आहे.

कीर्तना तारीख ऐकून थबकली होती. त्या दिवशी सरस्वती पूजा आहे, ती म्हणाली. म्हटलं, फारच छान, शुभ दिवस! तिने थोडा विचार केला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, “आपलं सामान शेडमध्यें गप पडूं द्या. कोणी हात लावूं नये, एवढं पाहा.” मला वाटलं, पोरीला ढोलांच्या कातड्याची काळजी आहे. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

सुट्टीचा दिवस असल्याने कारखाना बंद. म्हणजे शेहेचाळीसच्या शेहेचाळीस गाड्या मोकळ्या! मी एळुमलै अण्णाला आठवडाभर आधी विचारूनही ठेवलं होतं की शनिवारी एखादी बस मोकळी आहे का. सगळ्याच मोकळ्या आहेत, तो म्हणाला होता. हे शंभर टक्के खरं होतं. पुढे जे झालं त्यात त्या माणसाने मला एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही.

आधीच्या दसऱ्यांना मी गावी असायचो, त्यामुळे शनिवारी सकाळी यार्डात पोचलो आणि पाहतच राहिलो. सगळ्या बसगाड्या धुऊन पुसून रांगेत उभ्या. दारांना केळीचे खुंट, काचांवर चंदनाचे पट्टे आणि कुंकवाचे टिळे, आरशांना झेंडूच्या माळा. शेडमध्ये पाने, जॅक, हातोडे, हवेचा पंप, असं सगळं केळीच्या पानांवर मांडलेलं. इकडे याला आयुध पूजा म्हणतात. ही आपली खंडेनवमीच, माझा जीव हरखला. आमच्या घरी वडील पकड, कानस आणि स्कूटर अशी तीन शस्त्रं मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचे आणि तासाभराने त्याच स्कूटरवरून श्रीखंड आणायला जायचे.

एळुमलै अण्णा जवळ आला. कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या आमच्या सामानाकडे बोट दाखवून त्याने अगदी अदबीने विचारलं की ही तुमची आयुधंही पूजेला घेऊ का. मला भरून आलं. परक्या मुलुखातला चालक आमच्या गिटारला आयुध म्हणत होता! मी म्हटलं, घ्या, अण्णा, अवश्य घ्या. हात लावू नये असं कीर्तना म्हणाली होती, हे मला आठवलं. पण पूजा करणं म्हणजे हात लावणं थोडंच? मी स्वतः चादर ओढली. दोन्ही गिटार, ड्रमचा सेट, स्पीकर, मायक्रोफोन, सगळं पुढे आणून दिलं. अण्णाने काठ्यांची जोडीसुद्धा पानावर ठेवली. वायरींचं वेटोळं राहिलं होतं, तेही मीच आणून दिलं. इतकंच काय, देवेश गिटार छेडायला जी प्लास्टिकची टिकली वापरतो, तिलाही मी कुंकू लावायला लावलं. काम करायचं तर पूर्ण करायचं, ही माझी सवय आहे.

कापूर पेटला. दृष्ट काढायचा कोहळा फुटला. सगळ्यांना चुरमुरे आणि चण्याची उसळ मिळाली. मी दोनदा घेतली.

दीड वाजता देवेश, मंदार आणि कीर्तना आले. कीर्तना शेडच्या दारात उभी राहिली, आत पाहिलं, मुकाट्याने चपला काढल्या आणि हात जोडले. नमस्कार जरा जास्तच लांबला. मग न वळताच तिने विचारलं, “हें कोणी ठेविलें?”

“मी!” मी म्हटलं. त्या ‘मी’मधला आनंद मला आजही आठवतो आणि झोप उडते.

तिने सांगितलं ते असं. या मुलखात सरस्वतीपुढे जे ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा करून उचलेपर्यंत देवीचं. पुस्तक ठेवलं तर वाचायचं नाही, हातोडा ठेवला तर ठोकायचं नाही, वाद्य ठेवलं तर वाजवायचं नाही. जे मांडलंच नाही त्याला बंधन नाही, म्हणून तर सामान चादरीखाली गप पडू द्या म्हणाली होती. घरी आजोबांच्या मृदंगाला आज ती स्वतः शिवणार नव्हती, पण ड्रमच्या सेटचं कोणाच्या लक्षात आलं नसतं. “वर्षाचा एकच दिवस आहे, पा,” ती म्हणाली. “आणि तुम्ही टिकलीसुद्धां सोडली नाहीं.”

मी अण्णाकडे धावलो. हात जोडले, स्पर्धा सांगितली, अल्बम सांगितला, अमेरिका सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. “नाळैक्कु, सार,” तो म्हणाला. “टुमारो मॉर्निंग सिक्स.” मी म्हटलं की बरं, निदान बस तरी द्या, सामान कोणाकडून तरी मागून घेऊ. त्याने मला पहिल्या बसजवळ नेऊन चाक दाखवलं. चाकाखाली लिंबू. सगळ्या गाड्यांच्या सगळ्या चाकांखाली लिंबं. त्यांच्या यार्डाची रीत अशी की पहिलं चाक दशमीलाच फिरायचं. मी हिशेब केला. शेहेचाळीस बसगाड्या, दोनशे शहात्तर चाकं, आणि वाहतूक अधिकाऱ्याला चौघांना न्यायला एक गाडी नाही!

मंदारचं म्हणणं पडलं की अण्णाची पाठ वळली की निदान गिटार तरी उचलू. माझी तयारी होती. पण कीर्तना म्हणाली की ती देवीचं उचललेलं वाजवणार नाही, आणि देवेश म्हणाला की तीस माणसांनी प्रेमाने पूजलेली गिटार चोरून तो गाणार नाही. तो मला एक शब्द रागाने बोलला नाही. हे फार वाईट असतं. माणसाने दोन शिव्या घातल्या तर हिशेब मिटतो.

आम्ही रिकाम्या हातांनी सरकारी बसने निघालो. त्या बसलाही केळीचे खुंट बांधले होते आणि दर वळणावर एक पान माझ्या कानावर फटका मारत होतं. मी ते चुकवलं नाही. वाटेत मी योजना सांगितली. बाकीच्या पाच बँडांकडून वाद्यं मागायची, सभागृहाचे स्पीकर वापरायचे. मला संकटात फार लवकर सुचतं.

सभागृह जुनं, उंच छताचं. दारातच नवरात्राच्या बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास, म्हणजे गोलू, आणि रेशमी साड्यांतल्या पंचवीस-तीस बायका उसळ खात उभ्या. सभागृहाच्या व्यवस्थापक अलमेलू मामी. त्यांनी मुंबईवाल्यांना आजचा दिवस स्वस्तात दिला होता. स्वस्तात का, तर सरस्वती पूजेला चेन्नईत वाद्याचा कार्यक्रम कोणी ठेवत नाही, हॉल रिकामाच असतो. मुंबईवाल्यांनी का विचारलं नाही? मीही विचारलं नव्हतं, तेव्हा त्यांना काय बोलणार! मामींनी सकाळीच माईक, स्पीकर आणि हार्मोनियम देवीपुढे ठेवून माळ घातली होती. दिवे आणि पंखे घ्या, त्या म्हणाल्या, बाकी उद्या.

बाकीच्या पाच बँडांपैकी तिघे स्पीकर नाहीत हे ऐकून घरी गेले होते. दोघे भांडत होते की फेरी पुढे ढकला. परीक्षक विद्युलताबाई मुंबईहून आल्या होत्या. केस आखूड, चष्मा मोठा, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, “नऊचं विमान आहे. सात वाजेपर्यंत मी या खुर्चीवर बसणार. ज्याला जे जमतं त्याने ते करावं. नाहीतर चेन्नईचा अल्बम नाही.” दोन्ही बँडांनी सांगितलं की आवाजाशिवाय ते गाऊन स्वतःचं हसं करून घेणार नाहीत. आणि तेही गेले.

राहिलो आम्ही. सव्वासहा वाजले होते. देवेश विंगेत भिंतीला टेकून उभा होता. लोणेऱ्याच्या अंधारात न थांबलेला, महाडच्या लावणीला न डगमगलेला हा माणूस म्हणाला की त्याला जमणार नाही. गिटारशिवाय तो आजवर एका माणसासमोरही गायलेला नाही. गिटार असली की तिच्यामागे लपता येतं. मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्याच्या समोर उभा होतो आणि मला वाटत होतं की तो निडर आहे.

कीर्तना जवळ आली. “गळा कोणी देवीपुढें ठेविला आहे काय?” तिने विचारलं.

मग तिने सरळ मंचावर जाऊन मांडी घातली. पदर नव्हता, जीन्स होती, तरी ती अशी बसली की अलमेलू मामी उसळीची वाटी घेऊन आत आल्या आणि पहिल्या रांगेत टेकल्या. त्यांच्यामागून त्या रेशमी साड्या. कीर्तनाने मांडीवर तळहाताने एक थाप दिली आणि तोंडाने सुरू केलं.

“तक धिमि, तक जुणु. तक धिमि, तक जुणु.”

तंजावरात म्हणे हाताच्या आधी तोंडाने वाजवायला शिकवतात. बोल तोंडात बसला की मगच मृदंगाला शिवायचं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की एक मुलगी रिकाम्या हातांनी मंचावर बसली आहे आणि तिच्या तोंडातून अख्खा ड्रमचा सेट बाहेर पडतो आहे! आधी हळू. मग बोल दुप्पट झाले, मग चौपट, आणि त्यांच्यामध्ये इतक्या बारीक जागा सुटत होत्या की त्या जागांतही काहीतरी वाजतंय असं वाटावं. माईक नव्हता. त्या उंच छताने तिचा प्रत्येक बोल उचलून परत खाली आणून दिला. मामींचा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला. उजव्या-डाव्या बाजूंचे तीस हात धरू लागले. मी तोंड उघडं टाकून उभा होतो. देवळात शिरल्यावर जसं आपोआप गप व्हायला होतं, तसं झालं होतं.

मंदार तिच्याजवळ जाऊन बसला आणि बासचे सूर बंद ओठांनी गुणगुणू लागला. तिने डोळ्यांनी देवेशला बोलावलं. बोल कमी करत करत तिने त्याच्यासाठी जागा केली. दार उघडून धरावं तशी ती जागा धरून ठेवली, आणि देवेश त्या जागेत गेला.

“घाट उतरताना कान बंद होतात,
आई काय म्हणाली, ते वरच राहतं.”

हे गाणं मी शंभर वेळा ऐकलेलं. गिटारच्या आवाजात त्यातले शब्द मला कधी नीट ऐकूच आले नव्हते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्याचा आवाज पहिल्या ओळीत चिरकला. दुसऱ्या ओळीत सावरला. तिसऱ्या ओळीला त्याने डोळे उघडले. गाताना डोळे उघडलेला देवेश मी त्याआधी पाहिला नव्हता. मामींना मराठी येत नव्हतं आणि त्या रडत होत्या. मी रडत होतो याचं काही नाही, मी कशालाही रडतो. पण विद्युलताबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता आणि वही मिटलेली होती.

चार गाणी झाली. शेवटच्या बोलानंतर टाळ्यांची सुरुवात मीच केली आणि मग सभागृह कोसळलं.

विद्युलताबाई मंचावर आल्या. त्यांनी बँडला अल्बम देऊ केला, तिथल्या तिथे वहीचं पान फाडून लिहून दिलं. पुढच्या महिन्यात चार दिवस मुंबईत ध्वनिमुद्रण. वाद्यं घ्या, पण हे असंही दोन गाण्यांत ठेवा. मग त्यांनी विचारलं की सगळे वाद्यांसाठी अडून बसले असताना वाद्यांशिवाय यायची ही कल्पना कोणाची. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे मान झुकवली. काय करणार, खोटं बोलायचं नाही असा माझा नियम आहे.

रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही यार्डात गेलो. एळुमलै अण्णाने पूजा करून गिटार स्वतः देवेशच्या हातात दिली. सोमवारी देवेशने कंपनीला कळवलं की तो अमेरिकेला जाणार नाही. त्या संध्याकाळी आम्ही अड्यारच्या गच्चीवर बसलो होतो, तेव्हा मी उठून छोटंसं भाषण केलं. म्हटलं, ‘विनंती थांबा’ आता कोणाच्या बापाला थांबणार नाही! मंदारने मला खाली बसवलं. कीर्तना हसली. फार बोलली नाही, पण ती तशीही फार बोलत नसे.

मंगळवारी कंपनीने त्याच प्रोजेक्टच्या यादीतलं पुढचं नाव घेतलं. ते कीर्तनाचं होतं. तिने पाच मिनिटांत होकार दिला.

आम्ही तिघे तिच्यासमोर उभे राहिलो. मॅनेजर या नात्याने मीच विचारलं की असं कसं, बँडचं काय?

“अल्बमला येतें,” ती म्हणाली. “चार दिवस काढून ठेविले आहेत. मग जातें.” आणि अगदी मऊ आवाजात, “दोन वर्षें त्या यादींत माझं नांव दुसरं होतं. देवेश राहिले तर मला मिळेल, हें मला ठाऊक होतं. तुम्हीं कोणीं विचारलें नाहीं.”

खरं होतं. पंधरा दिवस आम्ही देवेश जाणार की राहणार याचीच काळजी केली होती. रात्रंदिवस, तिच्या देखत. देवेशला मंचावर आणण्यासाठी ती त्या शनिवारी जिवाच्या आकांताने का बोलत होती, तिला नेमकं काय जिंकायचं होतं, हे एकाच्याही मनात आलं नाही. तिने बँड वाचवला होता आणि त्याच चार गाण्यांत स्वतःचं तिकीटही काढलं होतं. दोन्ही एका दमात! मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, माझ्या अंगावर पुन्हा काटा आला.

अल्बम निघाला. कीर्तनाचे बोल त्यात आहेत आणि ऐकणारे अजूनही विचारतात की हे कोणतं वाद्य. ती गेल्यावर मॅनेजर म्हणून मी नव्या ड्रमवाल्यांच्या मुलाखती घेतल्या. चौदा जण आले. प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारला की बाबा, तुला आयुष्यात काय करायचंय? चौदाही जण म्हणाले की मुलाखत आहे ना, आधी वाजवून दाखवू का?